न विचारलेला रकाना

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(असं म्हटलं की तुला राग येतो, म्हणूनच मुद्दाम.) ई-मेल करायचं सोडून पानंच्या पानं पत्र काय लिहितेस, असं तू विचारलंस. अगं, ऑफिसच्या मेलवर घरचं लिहायला मनाई आणि मोबाइल तर या खोऱ्यात आणायचाच नाही. आमच्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या आकाशातलं इतकं बारीक ऐकत असतात की खिशातला फोन म्हणजे त्यांच्या कानाशी बडवलेला ढोल. तारेचा एक फोन आहे, तो साहेबांच्या टेबलावर. त्यांच्यासमोर बसून मी तुझ्याशी काय बोलणार, भाजीचे भाव? त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तुला मनसोक्त चिडवता तरी येतं.

तुझे बंधुराज मजेत आहेत. दिवसभर तबकड्यांच्या दातेरी चाकांना ग्रीस लावतात आणि घरी येऊन साबण संपवतात. पत्रात दोन ओळी लिहा म्हटलं की काळे हात दाखवतात.

मी मात्र वैतागले आहे. तबकड्यांनी ऐकलेलं सगळं तळघरातल्या एका मोठ्या सर्व्हरमध्ये साठतं. वर वाचनकक्षात दहा-बारा कॉम्प्युटर आहेत, त्यांच्या स्वतःच्या पोटात काही नसतं. जे हवं ते तारेवरून सर्व्हरकडे मागतात. ही देवघेव बिनबोभाट चालू ठेवायची, हे माझं काम. डिसेंबरात या वाचणाऱ्या कॉम्प्युटरांवर नवा प्रोग्रॅम बसवला आणि तेव्हापासून काही फाइली रिकाम्या दिसायला लागल्या. लांबी शून्य. गंमत अशी की मी स्वतः यादी काढून पाहिली की तीच फाइल भरलेली दिसते. धावत जाऊन साहेबांना बोलावलं, त्यांनी नेहमीच्या प्रोग्रॅमने उघडली, तर रिकामी. आता सगळे माझ्याकडे अंगात आल्यासारखे बघतात.

हसू नकोस, यात एका बाईचं आयुष्य अडकलंय. आमच्याकडे एक वयस्क शास्त्रज्ञ आहेत, आम्ही त्यांना ठोकेवाल्या बाई म्हणतो. एक मेलेला तारा आहे, गावाएवढा लहान आणि आपल्या सूर्याहून जड. तो गरगर फिरतो आणि दर फेरीला एक ठोका पाठवतो. माझ्या लग्नाच्या आधीपासून बाई त्या एकाच ताऱ्याचे ठोके ऐकताहेत. असा तारा कधीतरी, कित्येक वर्षांतून एकदा, मध्येच अडखळतो आणि एकदम थोडा जोरात फिरायला लागतो. आत खोलवर काय निसटतं ते नीट कुणालाच ठाऊक नाही. जानेवारीत ते झालं. आधीच्या आठवड्यातले ठोके एका चालीतले, नंतरच्या आठवड्यातले दुसऱ्या. ज्या चार दिवसांत ते घडलं, त्या चारही दिवसांच्या फाइली रिकाम्या. बाई एवढंच म्हणाल्या की वीज गेली असेल, आणि चहा प्यायला निघून गेल्या. मला तो चहा बघवला नाही.

मार्चअखेरीस सगळ्या नोंदी चुंबकीय फितींवर उतरवायच्या आणि नव्या मोसमासाठी सर्व्हर कोरा करायचा, असं ठरलंय. फितीवर उतरवणारा प्रोग्रॅम रिकाम्या फाइली सोडून पुढे जातो. तोवर मी काही सिद्ध केलं नाही तर त्या गेल्याच.

आई कशा आहेत? जेवतात का? झोप लागते का? टेकडीवरच्या त्या वृद्धांच्या घरातली खोली एक एप्रिलपासून त्यांच्यासाठी ठेवली आहे, तसं पत्र आलंय. जन्मभर शिवणकाम केलेल्या त्या मागच्या भेटीत दिवसभर दोरा न ओवलेली सुई हातात धरून बसल्या होत्या, ते तुझ्या दादाच्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

तुझी,
वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

पुन्हा वन्सं म्हणालीस तर मी तुला 'अहो वहिनीसाहेब' म्हणेन आणि पत्राच्या पाकिटावरही तसंच लिहीन. तुमच्या पोस्टमनला करमणूक.

आई जेवते. झोपते. दुपारीसुद्धा झोपते. मागच्या आठवड्यात तिचं रक्त आमच्याच लॅबमध्ये तपासलं, साखर अगदी व्यवस्थित. दादाला सांग.

तुझ्या रिकाम्या फाइलींचं मी रक्त काढायच्या खुर्चीवर बसून दोनदा वाचलं. मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. फाइलीची लांबी शून्य आहे, हे नक्की कोण म्हणतं? सर्व्हर म्हणतो की वाचणारा? विचारायचं कारण सांगते. आमच्याकडे डॉक्टर दोन तपासण्या लिहून पाठवतात, रिपोर्टाच्या छापील कागदावर मात्र वीस रकाने असतात. ज्या तपासण्या सांगितल्या नाहीत, त्यांच्यापुढे आम्ही आडवी रेघ मारतो. शून्य कधीही लिहायचं नाही. नवीन कुणी कामाला लागलं की पहिल्या दिवशी हेच शिकवायचं. मागे एकदा नव्या छपाई-यंत्राने रेघांच्या जागी शून्यं छापली. एका धडधाकट माणसाच्या रक्तात एकही पेशी नाही, असा रिपोर्ट गेला. तो माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून भांडायला आला, म्हणून निदान तो जिवंत असल्याची खात्री पटली.

तुमच्या यंत्राने तसलं काही केलं नसेल ना? नसेल म्हणा. तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत आणि आम्हीही काही कमी शिकलेले नव्हतो.

आई आता खिडकीशी बसलीय. तिच्या शिवणयंत्रावर मीच कापड घालून ठेवलंय, धूळ बसते म्हणून. तुला एक विचारू? आई शेवटची कधी हसली, ते तुला आठवतं का? मला आठवत नाही. आणि मागच्या वर्षभरात तिने हाडं दुखतात अशी तक्रार तुमच्यापाशी कधी केली होती का? तहान लागते असं? उगाच विचारतेय. उत्तर लिही मात्र.

तुझी,
नणंद


२२ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

तुझ्या त्या आडव्या रेघेला मी मनातल्या मनात नमस्कार घातलाय.

ऐक, सोपं करून सांगते. फाइल उघडायची असली की वाचणारा कॉम्प्युटर सर्व्हरला त्या फाइलीबद्दल विचारतो: लांबी किती, शेवटची कधी बदलली, कुणाची आहे. दर वेळी सगळंच विचारत नाही. जेवढं लागतं, तेवढ्याच रकान्यांची यादी पाठवतो. आणि सर्व्हर उत्तर देताना आधी स्वतःची यादी जोडतो, की बाबा रे, यातल्या या-या रकान्यांचं उत्तर मी देतोय. बाकीच्यांबद्दल मी काही बोललेलो नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी तारेवरून जाणारी ती प्रश्नोत्तरंच मध्ये पकडून वाचायला बसले. सर्व्हर बिचारा एकदाही शून्य म्हणालेला नाही. प्रोग्रॅम फाइल उघडताना लहानसा प्रश्न विचारतो, त्यात लांबी नसतेच, म्हणून सर्व्हर लांबीबद्दल गप्प राहतो. आमचा नवा वाचणारा मात्र उत्तराची यादी न बघताच सगळे रकाने भरून टाकतो. जिथे काही आलं नाही तिथे शून्य, आणि वर 'ताजं' असा शिक्का. मी यादी काढते तेव्हा लांबी मुद्दाम विचारली जाते, म्हणून मला फाइल भरलेली दिसते. माझ्या अंगात काही आलेलं नव्हतं, एवढं सिद्ध झालं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. इतकी वर्षं मी हे काम करते, पण ही प्रश्नोत्तरं अशी एकेक करून कधी वाचली नव्हती. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. कधीतरी, कुठेतरी, काही माणसांनी बसून ठरवलंय की यंत्राला 'हे मला विचारलेलं नाही' असं म्हणता आलं पाहिजे. ऐकलेलं उत्तर किती वेळ खरं धरायचं, तेही त्यांनी ठरवून दिलंय. थोडाच वेळ, काही सेकंद. मग ते शिळं, पुन्हा विचार. दोन उत्तरं वाटेत मागेपुढे झाली तर उशिरा पोचलेल्या जुन्या उत्तराने आधी आलेलं नवं पुसायचं नाही. क्षणाक्षणाला हजारो वेळा ही विचारपूस चालू असते, कुणाचं लक्ष नसताना, कधीही न कंटाळता. आपण माणसं एकमेकांबद्दल एकदा ऐकलेलं वर्षानुवर्षं धरून बसतो. मला त्या तळघरात उभं राहून देवळात आल्यासारखं वाटलं. हसलीस तरी चालेल.

साहेबांना अजून पटलेलं नाही. पकडलेल्या प्रश्नोत्तरांचे कागद त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, प्रोग्रॅम मोठ्या लोकांनी लिहिलाय, तो चुकत नसतो. त्यांच्यासमोर ठोकेवाल्या बाईंची फाइल त्याच प्रोग्रॅमने भरलेली उघडून दाखवायची, तरच फितींचं काम थांबेल. त्यासाठी वाचणारा दुरुस्त करावा लागेल. बघू.

आता तुझे प्रश्न. हाडं दुखण्याबद्दल मला माहीत नाही. तहानेचंही नाही. हसण्याचं मी दोन दिवस आठवत होते. पण खरं सांगू, ते प्रश्न मला जरा टोचले. आईंना टेकडीवरच्या घरात ठेवायचं, यात आम्ही त्यांना टाकतोय असं तुला वाटतं का? तू दिवसभर लॅबमध्ये, आम्ही या खोऱ्यात, आणि त्या घरात एकट्या. मागच्या महिन्यात त्यांनी गॅस चालू ठेवला होता, हे तूच लिहिलं होतंस. डॉक्टरही वयाचंच म्हणाले. तुला पटत नसेल तर स्पष्ट लिही, असं आडून नको.

तुझीच,
वहिनी


५ मार्च

वहिनी,

आडून नव्हते विचारत. टाकण्याबिकण्याचं तर माझ्या मनातही नव्हतं. जे होतं ते लिहायचं धाडस होत नव्हतं, म्हणून उत्तराला इतका उशीर केला. आता लिहितेच.

आईची साखर तपासली त्या दिवशी आमच्याकडे गर्दी होती. यंत्रावर आधीच्या रोग्याची तपासण्यांची लांबलचक यादी होती, ती पुसायची माझ्याकडून राहिली. यंत्राने आईच्या रक्तावर तीच अख्खी यादी चालवली. मी कागदावर फक्त साखर छापली, कारण डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं. पण पडद्यावर बाकीचं होतं, आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही. आईच्या रक्तात कॅल्शियम जास्त आहे, वहिनी. थोडंथोडकं नाही.

ते आपोआप इतकं वाढत नाही. वाढतं तेव्हा माणूस थकतो, हाडं दुखतात, सारखी तहान लागते, काही सुचत नाही, कशात रस वाटत नाही. लोक म्हणतात म्हातारपण. आपणही तेच म्हणालो.

आता माझी अडचण सांगते. तो आकडा कुणी मागितलेला नव्हता. शिवाय नमुना सकाळपासून तसाच राहिला होता, आणि आईची शीर सापडत नव्हती म्हणून मी दंडाचा पट्टा बराच वेळ बांधून ठेवला होता. तेवढ्यानेही आकडा वर जाऊ शकतो. आमच्या लॅबचा नियमच आहे, न मागितलेलं सांगायचं नाही; लोक उगाच घाबरतात आणि बऱ्याचदा त्यात काही निघत नाही. म्हणून मी स्वतःला म्हणत राहिले की चुकीचा आकडा आहे, विसर. आणि दुसरीकडे तुम्हा दोघांना आडवेतिडवे प्रश्न विचारत राहिले. भीती आकड्याची नव्हती. समजा मी दादाला आशा लावली, त्याने खोली सोडली, आणि पुन्हा तपासल्यावर सगळं ठीकठाक निघालं, म्हणजे आई खरंच मिटत चाललीय असं निघालं, तर? तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी रोज माणसांच्या रक्ताकडे बघते आणि स्वतःच्या आईच्या रक्ताकडे पाठ करून बसले.

तू त्या सर्व्हरच्या इतक्या गोष्टी सांगितल्यास, तर एक सांग. त्याला जे विचारलं नव्हतं, ते तो आपणहून बोलला, तर वाचणारा काय करतो?

नणंद


९ मार्च

प्रिय वन्सं,

आज चिडवायला नाही, मायेने म्हणतेय.

उत्तर असं आहे. न विचारलेलं आलं तर चांगला वाचणारा ते गिळत नाही आणि थुंकतही नाही. ते खरंच असेल असं मानत नाही, कारण प्रश्न आपण पाठवलेला नव्हता. पण त्या क्षणापासून स्वतःजवळच्या जुन्या उत्तरावरचा विश्वास काढून घेतो. तिथे संशयाची खूण करतो आणि नेमका त्याच गोष्टीबद्दल नवा प्रश्न पाठवतो. बस, एवढंच. त्याला धीर लागत नाही, कारण त्याला आई नसते.

तुझं पत्र मी तुझ्या दादाला वाचायला दिलं. तो दारातच उभा राहून वाचत होता, ग्रीसचे हात पानांना लागताहेत याचंही भान नव्हतं. मग त्याने हात धुतले, खूप वेळ धुतले. "मी तिला ती खोली दाखवून आणली," तो म्हणाला, "पण मी तिला काही विचारलंच नाही." त्यानंतर त्याने पिशवी भरली.

हे पत्र तोच घेऊन येतोय. त्या घराला कळवलंय की खोलीचं सध्या थांबवा. पट्टा न आवळता, ताज्या रक्तावर, डॉक्टरांकडून तपासणी रीतसर लिहून घेऊन विचार. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. मीही घाबरले आहे. पण आईंच्या नावापुढे आपण तिघांनी मिळून जे लिहून ठेवलंय ते कुणाला विचारून लिहिलं, हे मला आठवत नाही.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

दादाकडून तुला आकडे कळलेच असतील. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा जास्त. डॉक्टरांनी मग आणखी एक तपासणी सांगितली आणि गळ्याचा फोटो काढला. गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, शरीरातल्या कॅल्शियमचा हिशेब बघणाऱ्या. त्यातली एक बिघडली होती. हाडांतलं कॅल्शियम ओढून ओढून रक्तात टाकत बसली होती, बहुतेक दोन-तीन वर्षं.

शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला. सर्जनने ती काढलेली ग्रंथी मला बाटलीत दाखवली, मी लॅबवाली म्हणून. वहिनी, ती राजम्याच्या दाण्याएवढी होती. मी बाटली उजेडात धरून किती वेळ बघत होते. आपण आईचा स्वभाव बदलला म्हणालो, बाबा गेल्याचं मनाला लावून घेतलं म्हणालो, वय म्हणालो, दिवाणखान्यात बसून कुजबुजत तिच्याबद्दल ठरवलं. आणि तिच्यावर हे सगळं आणणारी वस्तू माझ्या करंगळीच्या पेराहून लहान. शरीर म्हणजे काय चीज आहे, ते रोज नळ्यांमध्ये बघणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर म्हणाले, एकदम चमत्कार होणार नाही, सावकाश फरक पडेल. कदाचित सगळं परत येणारही नाही. पहिले दोन दिवस बोटांना मुंग्या येत होत्या, गोळ्या चालू आहेत. तिसऱ्या दिवशी मी तिला भरवत होते. माझ्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "तू हा झगा कुठून शिवून घेतलास? खांदा उतरलाय."

मी चमचा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन रडले. दादा आत शिरला तर त्यालाही तिने वळून उभं राहायला सांगितलं, कॉलर बघायला.

सगळी तीच पूर्वीची झालीय असं म्हणत नाही मी. मध्येच थकते, एखादं नाव हरवतं. पण ती आहे, वहिनी. ती आतच होती.

तुझ्या ठोकेवाल्या बाईंचं काय झालं? मार्च तर संपला. तू काहीच लिहिलं नाहीस, आणि आता तुझ्या गप्प बसण्याचा मी वाटेल तो अर्थ काढणार नाही.

तुझी वन्सं
(आता म्हण, मला आवडतं.)


१५ एप्रिल

वन्सं,

'खांदा उतरलाय' हे मी पाच वेळा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग माझंही तुझ्यासारखंच झालं.

इकडचं सांगते. वाचणारा दुरुस्त करायचं काम शेवटी जेमतेम काही ओळींचं निघालं. उत्तराची यादी आधी बघायची, जो रकाना आला नाही त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्यावर 'माहीत नाही, लागेल तेव्हा विचार' अशी खूण ठेवायची. फिती भरायला सुरुवात होणार त्याच दिवशी सकाळी साहेबांना, ठोकेवाल्या बाईंना आणि तिथे हजर असलेल्या सगळ्यांना वाचनकक्षात बोलावलं. पुन्हा शून्य आलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं.

बाईंनी स्वतः फाइल उघडली. भरलेली होती. चारही दिवसांच्या भरलेल्या होत्या. साहेबांनी हळूच खुर्ची ओढून बाईंना बसायला दिली आणि फितींचं काम थांबवायला सांगितलं.

दर ठोका ठरल्या वेळेच्या किती आधी किंवा नंतर आला, त्याचे ठिपके कागदावर छापून घेतले. ठिपक्यांची रांग सरळ जात होती, आखून काढल्यासारखी. तिसऱ्या दिवशीच्या मध्यावर एका जागी ती वाकते आणि तिथून पुढे उतरतच जाते. त्यानंतरचा प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा कणभर लवकर. बाईंनी त्या वाकलेल्या जागेवर बोट ठेवलं. ऐकायलाही येणार नाही एवढा तो फरक, वन्सं. तिकडे सूर्याहून जड ताऱ्याच्या आत काहीतरी निसटलं होतं आणि ती खबर इतक्या लांबून, इतकी विरत, आमच्या तबकडीपर्यंत आली, तळघरात उतरली आणि तिथे कुणीतरी विचारेल म्हणून पडून राहिली. इकडे आम्ही सगळे त्या फाइलीला रिकामी म्हणत होतो.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज अगदी साधा होता. "हा इथेच होता," त्या म्हणाल्या. तुझं पत्र तेव्हा यायचं होतं. आल्यावर तुझी ती 'ती आतच होती' ओळ वाचली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर तबकड्या आकाशाकडे तोंड करून एका रांगेत उभ्या होत्या. मला कधी नाही ते भीती वाटली, की आपण आणखी काय काय रिकामं समजून बसलोय. आणि त्या भीतीइतकाच आनंदही झाला. हे मला नीट सांगता येत नाही.

टेकडीवरच्या घराला नाही कळवून टाकू का? तुझा दादा म्हणतो, आईंना विचारून.

वहिनी


१२ मे

सूनबाई,

आशीर्वाद तर आहेतच, ते दर पत्रात लिहून संपवत नाही. लेकीने तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. तुझं अक्षर मांजराने कागदावरून पळावं तसं आहे, पण मजकूर चांगला असतो.

आधी एक सांगते, म्हणजे मनात राहायला नको. तुम्ही दिवाणखान्यात कुजबुजत होता, ते मला ऐकू येत होतं. गॅसचं, खोलीचं, सगळं. मला समजतही होतं. पण माझं उत्तर तोंडापर्यंत यायला फार वेळ लागायचा, चिखलातून पाय ओढल्यासारखं. ते येईतो तुम्ही पुढच्या गोष्टीवर गेलेले असायचात. मग मीच म्हणायचे, जाऊ दे. तुमच्यावर राग नाही. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आता आत कुणी नाही.

आता खोलीचं. 'नाही' असं कळवायच्या आधी मला ते घर बघायचं होतं. मागच्या वेळी तुझ्या नवऱ्याने दाखवलं तेव्हा मी काहीच पाहिलं नव्हतं. लेकीने सुट्टी घेतली आणि नेलं. घर वाईट नाही. स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ आहेत. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. मी राहणार नाही, घरी यंत्रावरचं कापड काढलंय आणि लेकीच्या सगळ्या झग्यांचे खांदे उसवायला घेतलेत. पण त्यांना तसं सांगून लगेच निघाले नाही.

तिथल्या बैठकीच्या खोलीत माझ्याच वयाची एक बाई बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. शेजारी तिची मुलगी मासिक चाळत होती. मी त्या बाईंना म्हटलं, कशा आहात? मुलगीच म्हणाली, "तिला काही कळत नाही हो." अगदी चांगल्या मनाने म्हणाली, मला अवघडायला नको म्हणून. आपली लेक मागे उभी होती. तिने लगेच त्या मुलीला बाजूला घेतलं आणि कुठल्या कुठल्या तपासण्या झाल्यात ते विचारायला लागली. त्यातून काही निघेल की नाही, देव जाणे. सगळ्यांच्याच गळ्यात राजम्याचा दाणा नसतो, ते मलाही कळतं.

मी मात्र खुर्ची ओढून त्या बाईंच्या समोर बसले. पुन्हा विचारलं, बाई, काही हवंय का? आणि मग काही बोलले नाही. आपलं उत्तर यायला किती वेळ लागायचा, ते मला ठाऊक होतं, म्हणून नुसती बसून राहिले. चहा आला, तो गार झाला. आपली लेक दोनदा डोकावून गेली. मला वाटलं, आपलंच चुकलं असेल.

मग त्यांचे ओठ हलले. त्या म्हणाल्या, "ऊन डोळ्यांवर येतंय."

मी उठले आणि पडदा ओढला.

तुझी,
आई